ओढ किती ग्रेन?

आमची नात बेळगावात औषधशास्त्राच्या कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात तिनं एक छापील कागद घरी आणला. 'तुम्ही हा अभ्यासक्रम का निवडलात?' असा प्रश्न आणि खाली एक ते पाच आकड्यांची गोल-गोल घरं. ती पेन्सिलीनं घरं काळी करत बसली होती. आवड म्हणून दोन, घरच्यांनी सांगितलं म्हणून पाच.

"हे काय मोजतात गं?" मी विचारलं.

"आम्हाला शिकायची ओढ किती हाय ते, आज्जी. आमचे सर त्यावर निबंध लिहिणार हायत."

मी हसले ती ठसका लागेपर्यंत हसले. कारण हा उद्योग मी चाळीसेक वर्षांपूर्वी निपाणीत करून चुकले होते. गोल घरं नव्हती एवढंच. मी माणसांची ओढ ग्रेनमध्ये मोजत होते.

मी शहापुरातल्या विणकराची मुलगी. बेळगावातल्या एका इस्पितळात कंपाउंडरकी शिकले, मास्तरांशी लग्न झालं, त्यांची शाळा निपाणीत म्हणून मीही निपाणीत. तिथल्या दवाखान्यात मला काम मिळालं. तेव्हा महायुद्ध चालू होतं. बाई कंपाउंडर म्हणजे गावाला अप्रूप. सव्वीस वर्षांची, पोक्त दिसावं म्हणून नाकावर चष्मा. डोळ्यांना काही झालं नव्हतं, काच साधी होती. एवढं सांगितलं की पुढची अक्कल वाचणाऱ्यांनी ओळखावी.

आता गोळ्या चकाकत्या कागदात चिकटून येतात, म्हणून आमचं काम थोडं सांगते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, औषध आम्ही बनवायचं. तराजूत ग्रेनवर, म्हणजे अर्ध्या गुंजेएवढ्या वजनावर, पूड जोखायची, खलात घोटायची, काचेच्या मापात पाणी मोजायचं. बाटली रोग्यानं घरून आणायची. तिच्यावर आम्ही खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खाच कळते. पण जहाल औषध थेंबांनी द्यायचं असे, आणि थेंबाला खाच नसते. ते तोंडानं सांगावं लागायचं. सांगायचं आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं, हा नियम. मी तो पाळत नसे. रांग मोठी असायची, आणि मला माझ्या कानडीचा फार गर्व होता. निपाणीत औषध द्यायच्या खिडकीवर एक माणूस मराठी बोलतो, त्याच्या मागचा कानडी. मी दोघांनाही फडाफडा सांगायची. मला वाटायचं, माणसं ऐकतच राहतात.

दवाखान्यात आम्ही कंपाउंडरच्या परीक्षेची तयारीही करून घ्यायचो. दरवर्षी पाचसहा जण यायचे आणि निम्मे पळून जायचे. डॉक्टरसाहेब मोठे आकड्यांचे माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, युद्धामुळं काचसामान मिळत नाही. जे टिकणार नाहीत त्यांच्या हातून मापं फोडून घेण्यात अर्थ नाही. कुणाला कशासाठी शिकायचंय ते शोधा, आणि मला आकड्यात द्या. परीक्षेला कुणाला बसवायचं ते त्यावर ठरवू."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, साहेब, हे कसं मोजायचं? मी म्हटलं, "सोमवारपासून सुरू करते."

साठ ग्रेनचा एक ड्राम होतो. मी ठरवलं, ज्याला पुरी ओढ आहे तो एक ड्राम. मग वाटणी केली. न सांगता खल धुतला, पाच ग्रेन. सुट्टी झाल्यावर थांबला, दहा. आपण होऊन प्रश्न विचारला, तीन. घड्याळाकडे बघितलं, दोन वजा. आणि दर शनिवारी एकेकाला समोर बसवून एकच प्रश्न, 'का शिकायचंय?' उत्तर वहीत लिहून घ्यायचं आणि त्यालाही वजन द्यायचं. ती वही मी तराजूच्या खोलीत कुलपात ठेवत असे, जशी काही तीही विषाची बाटली.

त्या वर्षी पाच जण होते. त्यातले दोघेच सांगण्यासारखे. एक दत्तू, तंबाखूच्या वखारवाल्याचा मुलगा. नकलांचा हौशी.

"का शिकायचंय रं दत्तू?"

"खरं सांगू का आक्का? पोरगी बघायला गेलतो. पोरीच्या बापानं इचारलं, पोरगा काय करतो? आमचा बा म्हणला, डागदराच्या हाताखाली हाय. आता हाताखाली नको व्हय यायला?"

मी गंभीर चेहऱ्यानं लिहिलं, 'लग्न. अठरा ग्रेन.'

दुसरी नीलव्वा. चिकोडीकडच्या एका खेड्यातली, कानडी घरातली, तेविशीची विधवा. सातवी शिकलेली होती, आणि सासरचं कोणी उरलं नाही म्हणून निपाणीत मामाकडे आली होती. तिचं मराठी थांबत-थांबत, पण स्वच्छ. तिला विचारलं, "का शिकायचंय?"

तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाली, "मोजायला."

"म्हणजे?"

"थेंब मोजायला, आक्का."

मी खूश. धंद्याचं मर्म ओळखणारी पहिली शिष्या! वीस ग्रेन तिथल्या तिथं.

त्या दिवसापासून ती दुपारी थांबायला लागली. एक ते तीन खिडकी बंद असे. निपाणीत त्या वेळी एक शांतता पसरते. वखारीतल्या बाया जेवायला बसलेल्या, रस्त्यावर कुत्रंही नाही. मी पुढच्या खोलीत बाकावर आडवी व्हायची आणि मागच्या खोलीतून आवाज यायचा. टप्. मग तेवढ्याच अंतरानं परत, टप्. साध्या पाण्याची बाटली तिरकी धरून नीलव्वा काचेच्या मापात थेंब सोडत असायची आणि पुटपुटत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. तीनवर आली की थांबायची. एवढी थांबायची की मी झोपेतून जागी व्हायची. थेंब पडण्यानं माणूस जागा होत नाही, तो पडायचा थांबला की होतो. मग परत सुरू, थेट शंभरापर्यंत. शंभर झाले की ती माप उजेडात धरायची, बराच वेळ बघायची आणि अंगणात नेऊन ओतायची. रोज. एक दिवस चुकला नाही. कधी नव्व्याण्णव नाही, कधी एकशेएक नाही.

"शंभर कशाला गं?" मी एकदा विचारलं. "कुठल्याच औषधाचे शंभर थेंब देत न्हाईत."

"न्हाय देत?" तिनं विचारलं. ते विचारणं असं होतं, की माझ्या हातातला चमचा खाली पडला. का पडला ते मला तेव्हा समजलं नाही. मी आपली, 'प्रश्न विचारला, तीन ग्रेन'.

आणखी एकदा तिनं विचारलं, "आक्का, थेंब जास्ती पडला तर परत बाटलीत घालता येतो का?"

"न्हाय गं. पडला तो पडला."

"व्हय," ती म्हणाली. जणू हे उत्तर तिला पाठ होतं, मला येतं का तेवढंच तिला बघायचं होतं.

माझ्या वहीत तिची ओढ चढतच गेली. अडतीस, सत्तेचाळीस, छप्पन्न. मी फुगत गेले. डॉक्टरसाहेबांना सांगितलं, ही माझ्या शिकवण्याची कमाई. तिची आणखी एक सवय होती. मी कुठलाही आकडा सांगितला की म्हणायची, "आक्का, परत म्हणा," आणि माझ्या ओठांकडे टक लावून बघायची. कानडीत सांगितलं तर हमखास. मी काय समजावं? मी समजले, तिला माझं कानडी आवडतं! मग मी मुद्दाम घोळवून-घोळवून म्हणायची. आता तो प्रसंग आठवला की चष्म्यासकट ती बाई उचलून विहिरीत टाकावीशी वाटते.

मग तंबाखूचा हंगाम आला. ज्यांनी निपाणीचा हंगाम बघितला नाही त्यांना सांगते, वखारीत तंबाखू कुटायला-चाळायला लागले की सगळ्या गावाला खाट, म्हणजे तंबाखूचा तिखट ठसका, लागतो. भाजीला, अंथरुणाला, देवाच्या फुलालाही तोच वास. खिडकीवर बसणाऱ्यानं नाकातोंडावर फडकं बांधल्याशिवाय निभाव लागत नसे. आम्ही सगळे बांधायचो. नीलव्वा बांधत नसे. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण तोंड उघडं.

अशाच एका सकाळी आम्ही पुड्या बांधत बसलो होतो. दत्तूला नकलेची हुक्की आली. त्यानं फडकं तोंडावर ओढलं, नसलेला चष्मा नाकावर चढवला आणि माझा आवाज काढला, "अज्जी, मूरु हनी हाकरी! मूरु!" तीन थेंब घाला, असं. मग फडकं खाली करून म्हणाला, "आक्का, रागवू नका, खरं फडक्यातनं तुम्ही मूरु म्हणताय का नूरु म्हणताय, त्यो बसवाण्णाच जाणं!"

सगळे खो-खो हसले. मीही हसले. कानडीत मूरु म्हणजे तीन आणि नूरु म्हणजे शंभर. फरक काय, तर एकाला ओठ मिटतात आणि दुसऱ्याला मिटत नाहीत. फडक्याआड कुणाला दिसणार?

हसताना माझी नजर नीलव्वाकडे गेली. ती हसत नव्हती. पुडीचा कागद हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात नवल नव्हतं. इतके दिवस दारात उभं असलेलं कोणी शेवटी आत आलं, तसं ते होतं.

त्या दुपारी मागून थेंबांचा आवाज आला नाही. मी बाकावर पडले होते. डोळे उघडले तर ती समोर उभी.

"आक्का, फडकं काढा."

मी काढलं. माझ्याच दवाखान्यात, माझ्या शिष्येनं सांगितलं आणि मी काढलं.

ती उभ्यानंच बोलली. मागच्या वर्षी याच हंगामात ती सासूसाठी औषध न्यायला आली होती. सासू अंथरुणाला खिळलेली, पोटात कळा यायच्या. डॉक्टरांनी बेलाडोनाचं टिंक्चर लिहिलं होतं, कळा थांबवणारं, पण जास्त झालं तर विष. छोटी बाटली मी भरली आणि खिडकीतून तिच्या हातात दिली.

"मी घरी जाऊन मोजले," ती म्हणाली. "शंभर. सकाळी शंभर, दुपारी शंभर, दिवेलागणीला शंभर. एक बी चुकला न्हाय. बाटली सपली. दुसरी आणायला आले तर तुमची खिडकी बंद, सणाची सुट्टी. घरी गेले तर म्हातारीचे डोळे हे एवढे काळे झालेले. मला वळखंना. हवेतनं काय काय खुडत हुती. तंबाखूच्या रानात शेंडे खुडत्यात बघा, तसं. खुडायची आणि माझ्या वटीत टाकायची. 'धर गं, धर गं,' म्हणायची. मी वटी धरून बसले. दोन दिवस खुडलं तिनं. मग गेली."

बाहेर रस्त्यावर काही हलत नव्हतं. मला माझ्या तोंडावर अजून फडकं असल्यासारखं वाटत होतं. मी हात लावून बघितला.

"सासू चांगली होती का गं?" मी विचारलं. असल्या वेळी माणूस कसले प्रश्न विचारतो पाहा.

"सासू हुती," ती म्हणाली. मग एक पाऊल पुढे आली. "आक्का, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला हुता?"

मला आठवत नव्हतं. हे मी आज देवाला साक्षी ठेवून लिहिते. खिडकीतून किती हात आले आणि गेले, त्यातला तिचा हात मला आठवत नव्हता. परत म्हणवून घेतलं नव्हतं, एवढं मात्र नक्की. कारण मी कुणाकडूनच घेत नसे.

तोंडात पहिलं उत्तर आलं ते 'मूरुच म्हणाले असणार'. ते सोपं होतं. बेलाडोनाचे शंभर थेंब कुठला कंपाउंडर सांगेल? शिवाय ती बाटली महिनाभराची होती, म्हणजे मी महिन्यानं या असंही सांगितलं असणार. महिन्याची बाटली एका दिवसात संपते तेव्हा माणसाला कळत नाही? हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. पण ते बोलले असते तर त्या पोरीनं आपल्या हातानं सासू मारली, असं मी कायमचं ठरवून टाकलं असतं.

"नूरु," मी म्हणाले. "मी नूरु म्हणाले नीलव्वा. जीभ घसरली. चूक माझी."

तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच डोळ्यांकडे.

"न्हाय आक्का," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही मूरुच म्हणाला हुता. मी नीट ऐकलं हुतं."

आणि मागच्या खोलीत जाऊन तिनं कालचा खल धुवायला घेतला.

त्यानंतर तिनं थेंब मोजले नाहीत. वेळेवर यायची, वेळेवर जायची. दुपार तशीच शांत, आणि आता त्या शांततेत मला झोप येईना. परीक्षेची नावं डॉक्टरसाहेबांना द्यायला चार दिवस उरले होते. माझी सही पडली की ही पोरगी विषाच्या कपाटाची किल्ली बाळगायला मोकळी. तिनं जे सांगितलं ते खरं असेल तर मी खुनी बाईच्या हातात कपाट देत होते. खोटं असेल, म्हणजे माझा भार हलका करायला ती तसं बोलली असेल, तर खुनी मी होते आणि तिची वाट अडवायला निघाले होते.

मी मास्तरांना सांगितलं. ते पेपर तपासत होते. लाल पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "दोघींतली एक खोटं बोलली, एवढं नक्की."

"कोण?"

"जी जास्त चांगली आहे ती. आता ते तू ठरव." आणि परत पेपर ओढले. मास्तर लोकांना घरी असंच बोलता येतं.

चारही दिवस मी तिला मुद्दाम जहाल औषधं जोखायला दिली. तिचा हात कापत नव्हता. कापला असता तर मला बरं वाटलं असतं. तराजूचा काटा मधोमध उभा राहायचा आणि ती मागे सरून उभी राहायची, मी तपासावं म्हणून. ती मला काही विचारत नव्हती, मनधरणी करत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "आक्का, मला दुसरं कायबी येत न्हाय आता."

शेवटच्या दिवशी मी कागद घेऊन डॉक्टरसाहेबांपुढे उभी राहिले. दत्तूचे झाले होते एकवीस ग्रेन. त्याचं लग्न ठरलं होतं, तो परीक्षेला बसणारच नव्हता. नीलव्वाच्या नावापुढे मी सही केली होती आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली होती.

"हे काय बाई? आकडा?"

"मोजता आली न्हाय, साहेब."

"गेल्या महिन्यात छप्पन्न सांगत होतात."

"ते चुकलं होतं."

"किती जास्त? किती कमी?"

"ते कळलं असतं तर लिहिलं नसतं का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्या चष्म्याला खरी काच होती. मग आकड्यांच्या त्या माणसानं, आयुष्यात एकदाच असेल, मोकळी जागा मोकळीच राहू दिली. नीलव्वा परीक्षेला बसली, पास झाली आणि आपल्याच मुलखात चिकोडीकडे एका दवाखान्यात लागली. मला कुणी तिच्याबद्दल वाईट सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. ती ओढीची वही मी चुलीत घातली.

युद्ध संपल्यावर एकदा नणंदेच्या गावी गेले होते. माझा थोरला तेव्हा चार वर्षांचा. त्याच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या. पोर धनुष्यासारखं वाकायला लागलं. गाडी जुंपून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी दिली. मी खिडकीशी गेले, तर आत नीलव्वा.

तिनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. छोटी बाटली आणून पुढे ठेवली. माझ्या मागे दहा माणसं उभी होती.

"किती थेंब?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा, आक्का," ती म्हणाली.

चेष्टा नव्हती. रागही नव्हता. चिठ्ठी मी वाचलेली होती, बेलाडोनाचे तीन थेंब. पण बाटलीत काय आहे ते तिलाच माहीत होतं. मी बाटली घेतली आणि निघाले.

नणंदेच्या सोप्यावर बसून मी बूच काढलं, वास घेतला. तीन थेंब माझ्या तळहातावर पाडले आणि चाटले. कडू लागले. मग मी बसून राहिले, मला काही होतंय का बघत. भिंतीवरच्या आरशात जाऊन माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या पसरल्यात का ते बघून आले. परत बसले. पोर आतल्या खोलीत ओरडत होतं. नणंद दारात येऊन म्हणाली, "वहिनी, आई हायस का कोण? औषध हातात धरून बसलीयास!"

मी अर्धा तास बसले.

मग आत गेले, तीन थेंब मोजून पाण्यातून दिले. थोड्या वेळानं त्याचं अंग सैल झालं आणि तो झोपला. उठल्यावर भाकरी मागितली.

औषध बरोबर होतं. जितकं असायला हवं तितकंच. त्या अर्ध्या तासात माझं पोर मला हाका मारत होतं आणि मी आरशात माझे डोळे बघत होते.